लुक्कातल्या तीन खोल्या

निशिकांत खांबेटेच्या लॅपटॉपवर इटलीतल्या एकाच गावातल्या त्रेचाळीस हॉटेलांची यादी होती, आणि त्याच्या बायकोला, मधुवंतीला, त्या त्रेचाळीसही हॉटेलांचा वीट आला होता. गावाचं नाव लुक्का. फ्लॉरेन्सहून रेल्वेने दीड तास, पिसाहून अर्धा. सगळं जुनं गाव तटबंदीच्या आत, आणि निशिकांतची अट अशी की राहायचं ते तटाच्या आतच, स्वस्तात आणि स्वच्छ. त्याच्या मते तटाबाहेर उतरणारे अडाणी होते आणि फ्लॉरेन्सला उतरणारे मेंढरं होते. ‘मेंढरं’ हा शब्द तो पूर्वी ऑफिसातल्या टीमबद्दल वापरायचा. टीम दीड वर्षापूर्वी चेन्नईला गेली. शब्द तेवढा याच्याकडे राहिला.

सिंगापुरात चोआ चू कांगला बाराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. पुण्याहून आला तेव्हा निशिकांत एकतीस वर्षांचा होता, आता पन्नाशीला टेकलेला. टीम गेल्यावर कंपनीने त्याला एक लांबलचक हुद्दा दिला, इतका लांब की कार्डावर दोन ओळींत बसवावा लागला, आणि हाताखाली माणूस मात्र एक नाही. तरी हा गृहस्थ रोज सकाळी आठला बॅग घेऊन निघायचा आणि सातला यायचा. मध्ये काय करायचा ते मधुवंतीने विचारलं नव्हतं. तिला विचारायला वेळही नव्हता. जेवणाच्या टेबलावर ती शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, आणि तिच्या लाल पेनाला अख्ख्या ब्लॉकमधली पोरं टरकून असायची. चूक दिसली की मधुवंतीच्या कपाळाला आठी पडायची. माणसांकडेही ती तशीच बघायची, आणि नवरा समोरच असल्यामुळे त्याच्या वाट्याला लाल शाई जास्त यायची.

इटलीचं खूळ दिवाळीच्या फराळाला निघालं. काढलं धवलने. धवल बँकेत बडा अधिकारी, बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत कॉन्डो, आणि हसणं असं की बाजूच्या टेबलावरच्या माणसालाही वाटावं आपल्यालाच बोलावलंय. तो म्हणाला, जूनच्या शाळेच्या सुट्टीत तीन कुटुंबांनी मिळून इटली करू या. आमच्याकडचे चौघं, त्याच कॉन्डोतले प्रणव आणि भार्गवी त्यांच्या मुलासकट तिघं, आणि खांबेटे तिघं, म्हणजे दहा माणसं झाली. प्लॅनिंग अर्थात निशिकांतने करायचं, कारण त्याच्यासारखं बारकाईनं कुणाला जमणार आहे? प्रणवने मान डोलावली. प्रणव धवलच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा, त्याचा पगारच त्यावर ठरत असावा. आणि निशिकांत? निशिकांत हरभऱ्याच्या झाडावर असा सरसर चढला की मधुवंतीला बघवेना. घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत उभ्याउभ्याच त्याने फोनवर नकाशा उघडला.

त्यानंतर दर रविवारी दुपारी तीनला हा इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप पाठीला लावून, ६७ नंबरच्या बसने बुकित तिमाहला जायचा. ‘मीटिंग आहे’ म्हणायचा. सोळा वर्षांची लेक मेधा सोफ्यावरून सिंगापुरी सुरात म्हणायची, “बाबा, दे ऑल्सो हॅव गूगल, लाह.” तो तिच्याकडे दयेने बघायचा. गूगलवर काय मिळतं? गूगलवर पायऱ्या मिळत नाहीत. त्याने ज्या हॉटेलवर शेवटी बोट ठेवलं त्याला लिफ्ट नव्हती, म्हणून त्याने मालकिणीला पत्र लिहून पायऱ्यांचा आकडा मागवला होता. अठ्ठावन्न. जवळच्या चर्चची घंटा सकाळी किती वाजता सुरू होते तेही विचारलं होतं. ती बाई दोन-दोन ओळींत उत्तर द्यायची आणि हा त्या दोन ओळी रविवारी वाचून दाखवायचा. तिला तो ‘आपली सिन्योरा’ म्हणायला लागला होता, जशी काही ती नात्यातली आत्या.

मधुवंती दोनदा त्याच्याबरोबर गेली आणि तिसऱ्यांदा जायचं तिने साफ नाकारलं. दुसऱ्या खेपेला त्याने धवलच्या भिंतीएवढ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि आपला मोठा शोध जाहीर केला. इटलीत म्हणे प्रत्येक न्हाणीघरात कमोडशेजारी धुण्यासाठी वेगळं बसकं भांडं असतं, नळासकट, कायद्यानेच. तेव्हा कुणीही घरून प्लास्टिकचा मग आणू नये. फोटो होते. एक समोरून काढलेला आणि एक बाजूने. धवलने जोरात टाळी दिली. प्रणव म्हणाला, ब्रिलियंट. धवलची बायको गार्गी टेबलाखाली फोनवर काहीतरी टाइप करत होती आणि भार्गवीचा फोन लगेच थरथरला, आणि भार्गवी ओठ दाबून खिडकीबाहेरच्या स्विमिंग पूलकडे बघायला लागली. मधुवंतीचे कान तापले. निशिकांत पुढच्या स्लाइडवर गेला होता.

त्या दिवशी धवलने प्रश्न एकच विचारला. बुकिंग फुकट रद्द करता येतं ना?

आता या प्रश्नामागची गोष्ट सांगायला हवी. भारतीय पासपोर्टवर युरोपला जायचं तर व्हिसाच्या अर्जाला हॉटेलच्या बुकिंगचा कागद जोडावा लागतो, प्रत्येक रात्रीचा आणि प्रत्येकाच्या नावाचा. सिंगापुरातल्या आपल्या मंडळींनी त्यावर केव्हाच तोडगा काढलेला. रद्द करता येईल असं कुठलंही हॉटेल घ्यायचं, कागद जोडायचा, व्हिसा हातात पडला की हॉटेल सोडून द्यायचं आणि मग सावकाश ठरवायचं कुठे राहायचं ते. ‘व्हिसापुरतं हॉटेल’ असं म्हणतातच. निशिकांतला या प्रकाराचा तिटकारा होता. आपल्यासाठी कुणीतरी बाई खोली अडवून ठेवते आणि आपण तिला मामा बनवतो, हा हलकटपणा आहे, असं तो मोठ्यांदा म्हणायचा. बुकित तिमाहला बसूनही म्हणायचा. धवल म्हणायचा, अगदी बरोबर बोललास.

सिन्योराने वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या त्यांच्यासाठी ठेवल्या. कागद आले, प्रत्येकाची नावं पासपोर्टाप्रमाणे, एका अक्षराची चूक नाही. दहाही जणांचे व्हिसाचे फॉर्म निशिकांतनेच भरून दिले. मार्चच्या शेवटी व्हिसा आले. सिन्योराने कळवलं की खोल्या नक्की हव्यात का ते तीस एप्रिलपर्यंत सांगा. एकदा हो म्हटलंत की मग रद्द नाही, आणि नाही सांगितलंत तर मी त्या दुसऱ्यांना देईन.

एक गोष्ट मधुवंतीने कुणाला सांगितली नव्हती. तीनपैकी एका खोलीच्या खिडकीतून एक जुना मनोरा दिसायचा, आणि त्या मनोऱ्याच्या डोक्यावर चक्क झाडं वाढलेली होती. खरीखुरी, हिरवीगार. घरात कुणी नसताना तिने तो फोटो तीनदा उघडून बघितला होता. तेवीस वर्षांच्या संसारात सुट्टी म्हणजे पुण्याला जाऊन दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या तब्येती विचारणं. ही खोली तिला हवी होती. पण हवी म्हणायचं म्हणजे त्या त्रेचाळीस हॉटेलांच्या वेडेपणाला शाबासकी द्यायची, आणि ते तिच्या जिवावर आलं.

पंचवीस एप्रिलला, सोमवारी संध्याकाळी, ती लिटिल इंडियात वाणसामानाला गेली. तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात कुकरच्या फळीपाशी भार्गवी उभी होती, दोन हातांत दोन छोटे कुकर घेऊन. भार्गवी मनाने वाईट नव्हती. वाईट असायला थोडी बुद्धी लागते, ती तिला देवाने दिली नव्हती. मधुवंतीला बघून तिला हायसंच वाटलं. म्हणाली, बरं झालं भेटलीस, यातला इंडक्शनवर कुठला चालेल गं? व्हिलावर गॅस नाहीये म्हणे.

मधुवंतीने विचारलं, कुठला व्हिला?

भार्गवीचा चेहरा उतरला, आणि मग एकदा उतरलाच आहे म्हटल्यावर तिने सगळंच सांगून टाकलं. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात सहा बेडरूमचा व्हिला, पूल, मिलानहून दोन दिवस स्वयंपाकाला येणारा मारवाडी महाराज. जानेवारीतच घेतलाय. पण व्हिलावाला प्रत्येकाच्या नावाचा कागद द्यायला तयार नव्हता, आणि निशिकांतकडे कागद आयते होते. धवल सांगणार आहे गं त्याला, नीट सांगणार आहे. गार्गीचे गुडघे दुखतात, पायऱ्या झेपणार नाहीत, असं काहीतरी. तुम्हाला तसलं साधं, लोकल आवडतं ना, म्हणून म्हटलं तुम्हाला व्हिलाचं कशाला विचारा.

गार्गी डिसेंबरात मॅरेथॉन पळाली होती. मेडल दिवाणखान्यात लावलंय.

मधुवंतीने भार्गवीच्या डाव्या हातातला कुकर काढून फळीवर ठेवला, कारण त्याचं बूड इंडक्शनला चालणारं नव्हतं, आणि उजव्या हातातला घे म्हणून सांगितलं. चुकीचं उत्तर तिला तशा अवस्थेतही बघवलं नाही. मग ती गोडा मसाला न घेताच बाहेर पडली.

बसमध्ये तिचं डोकं भणभणत होतं. काय ती माणसं! घरी खिडकीखाली पूल आहे, तो सोडून बारा तास विमानात बसून दुसऱ्या पूलपाशी जाऊन बसणार, वरणभात खाणार, आणि आल्यावर सगळ्यांना सांगणार की आम्ही इटली अगदी आतून बघितली. धवलला तिने मनातल्या मनात असा झोडपला की त्याचं हसणं कायमचं बंद व्हावं. पण खरा राग त्याच्यावर नव्हता. खरा राग होता तो इस्त्रीचा शर्ट घालून दर रविवारी स्वतःची शोभा करून घ्यायला जाणाऱ्या त्या माणसावर. पाच महिने! पाच महिने त्यांनी याला शेंडी लावली आणि याला पत्ता नाही. मेंढरं म्हणे. आणि आपण या शहाण्याची बायको, म्हणजे आपल्यावरही हसले असणारच.

सांगायला तिला पाच दिवस लागले. धीर होत नव्हता असं मुळीच नाही. तिला बघायचं होतं की या बारकाईवाल्याच्या लक्षात कधी येतंय. तो रोज जेवल्यावर सिन्योराची मेल उघडायचा, वाचायचा आणि बंद करायचा. ना हो कळवत होता, ना नाही. मधुवंती भांडी आवरता आवरता त्याच्या पाठीकडे बघायची आणि तिचा संताप व्हायचा. तिन्ही खोल्यांना हो म्हणाला तर दोन रिकाम्या खोल्या गळ्यात पडतील, आणि असाच घोळ घालत बसला तर शनिवारी आपलीही खोली जाईल. एक निर्णय म्हणून वेळेवर घेईल तर शपथ. सांगायचं वाक्य तिने केव्हाच घडवून ठेवलं होतं. अंघोळीत, लिफ्टमध्ये, अपूर्णांक शिकवताना ती ते मनाशी म्हणून बघायची आणि दरवेळी त्याला थोडी आणखी धार लावायची.

तीस एप्रिलला, शनिवारी, चार वाजता शेवटचा विद्यार्थी गेला. मेधा मैत्रिणीकडे होती. निशिकांत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसला होता. मधुवंतीने लाल पेनाचं टोपण लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

“धवल आणि प्रणव लुक्काला येत नाहीयेत,” ती म्हणाली. “जानेवारीतच व्हिला घेतलाय त्यांनी. तुमची सिन्योरा, तुमच्या पायऱ्या, तुमच्या घंटा, सगळं व्हिसापुरतं होतं. पाच महिने तुम्हाला नाचवलं आणि तुम्ही नाचलात.”

निशिकांतने लॅपटॉप अर्धा मिटला.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

मधुवंतीला वाटलं हा सारवासारव करतोय. लाज झाकायला माहीत आहे म्हणतोय. तिने विचारलं, कधीपासून? तेव्हा तो अगदी साध्या आवाजात सांगायला लागला. फेब्रुवारीत धवलने त्याला इटलीत भाड्याची गाडी शोधायला सांगितली होती, सात सीटची.

“त्यांची माणसं सात. आपण धरून दहा,” तो म्हणाला. “एवढी बेरीज मला येते, मधू.”

“आणि शोधून दिलीत?”

“दिली. चांगली मिळाली.”

मग मात्र तिचा तोल सुटला. पाच दिवसांची धार लावलेली वाक्यं होती ती सगळी बाहेर आली, आणि तेवीस वर्षांची होती तीही आली. लाज कशी वाटली नाही, ती म्हणाली. फेब्रुवारीत कळलं आणि मार्चमध्ये त्यांचे फॉर्म भरून दिलेत, त्यांच्या पोरांच्या पासपोर्टाच्या झेरॉक्स काढून आणल्यात, दर रविवारी नटून त्यांच्या दारात गेलात. नोकराला निदान पगार असतो. तुम्हाला ते तोंडावर हसतात, त्यांच्या बायका टेबलाखालून हसतात, आणि तुम्ही त्यांना न्हाणीघराचे फोटो दाखवता. स्वाभिमान म्हणून काही चीज असते माणसाला. मला तुमची कीव येत नाही, मला तुमची शिसारी येते. हे शेवटचं तिने आवाज न चढवता म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं असावं. पण निशिकांत चिडला नाही. ती थांबेपर्यंत तो वाट बघत बसला, विद्यार्थी बसतात तसा.

“ऑफिसमध्ये माझ्याकडे कुणी येत नाही,” तो म्हणाला. “दीड वर्ष झालं. सकाळी जातो, स्क्रीन चालू करतो, संध्याकाळी बंद करतो. जेवायलाही कुणी बोलावत नाही, वाटतं त्यांना, आज-उद्या जाईलच हा. रविवारी चार माणसं समोर बसून ऐकायची. लबाडी करत होती, कळत होतं मला. पण ऐकत होती. फोन करून विचारायची, निशिकांत, तिथे जूनमध्ये ऊन किती असतं, निशिकांत, बूट कुठले घेऊ.”

मधुवंतीने लाल पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. इतकी वाक्यं घडवली होती, त्यात याला उत्तर देणारं एकही नव्हतं.

तिने सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, खोल्यांचं विचारलं. त्या आज जातील ना? तो म्हणाला, त्यांच्या दोन मी व्हिसा आले त्याच दिवशी सोडल्या. सिन्योराला खरं काय ते लिहिलं. तिला उगाच अडवून ठेवणं बरं दिसलं नसतं. आपली तेव्हाच नक्की केली, मनोऱ्याच्या बाजूची. मेधासाठी जास्तीची कॉट सांगितली आहे.

“मग रोज ती मेल कशाला उघडून बसत होतात?”

“काही नाही. वाचत होतो. छान लिहिते ती.”

हिशेब मधुवंतीच्या डोक्यात आपोआप मांडला जात होता, सवयच तशी. मार्चचा शेवट. म्हणजे महिना झाला ही खोली आपली होऊन, आणि या माणसाने घरात अवाक्षर काढलं नाही.

“मला का नाही सांगितलंत?” तिने विचारलं. विचारताना तिच्या आवाजात अजून थोडा लाल पेन होता, तो तिला स्वतःलाच ऐकू आला.

“तू कधी विचारलंच नाहीस,” निशिकांत म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. उद्या भाजी कुठली म्हणून सांगावं तसं त्याने ते सांगितलं. “पाच महिन्यांत एकदाही नाही. लुक्का कुठे आहे तेसुद्धा नाही. म्हटलं, तुला कंटाळा येत असेल.”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. धवलचं नाव होतं. आज तीस तारीख, म्हणजे गुडघे सांगायला फोन केला असणार. निशिकांतचा हात सवयीने फोनकडे गेला आणि चेहऱ्यावर तो रविवारचा तजेला आला, कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारणार आहे म्हणून आलेला. मधुवंतीने तो तजेला यापूर्वी शंभर वेळा बघितला असेल आणि दरवेळी तिला हसू नाहीतर संताप आला होता. आज दोन्हींपैकी काहीच आलं नाही. धवल काय मेला फुकट घेत होता याचं सगळं कसब, आपल्या घरात तर ते फुकटही कुणी घेतलं नाही.

तिने फोनवर हात ठेवला. तो तळहाताखाली वाजत राहिला आणि मग थांबला.

“त्यांना नंतर सांगा,” ती म्हणाली. “आधी मला सांगा. पहिल्यापासून. लुक्काच का?”

निशिकांतने लॅपटॉप पूर्ण उघडला. बोटं पॅडवर ठेवली, पण फाईल उघडली नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, ओठांच्या कडा, कपाळावरची आठी. ही आपली टिंगल तर करत नाही ना, हे त्याला आधी नीट तपासून बघायचं होतं.